पाणी किती, दांडा कुठे: शिरोडा ते मोरजी, २०२३–२४च्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

सर्फिंगसाठी लाटांचा अंदाज देणारं ॲप मोरजी, आश्वे आणि मांद्रे या उत्तर गोव्यातल्या तिन्ही किनाऱ्यांना एकच आकडा दाखवतं. बाहेरून येणारी लाट तिन्हीकडे जवळपास सारखीच असते, म्हणजे ॲप खोटं बोलत नाही. पण आश्व्याला ती कमरेएवढी, एका टोकाला फुटून उजवीकडे फुटत जाणारी मिळते आणि त्याच वेळी थोडं उत्तरेला मांद्र्याला अख्खी रांग एकदम कोसळते. फरक तळाचा. आमच्याकडे लाट फुटते ती बहुतेक ठिकाणी वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या लांबट उंचवट्यावर, आणि दांडा दर पावसाळ्यानंतर नव्याने बसतो.

या मोसमात चार जागा मोजायच्या: सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं वेळागर, तेरेखोल नदीच्या मुखाशी केरी, आश्वे-मांद्रे, आणि शापोरा नदीच्या मुखाकडची मोरजी. प्रत्येक जागी तीन गोष्टी: दांड्याचा माथा किती खोल, किती पाणी असताना लाट नीट फुटते, आणि मे महिन्यापर्यंत दांडा कुठे सरकतो.

सामान जमवलं. वेळूची लांब काठी, दर दहा सेंटिमीटरवर लाल-पांढरे पट्टे (रंगकाम भाच्याचं). फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता. वही. बोर्ड माझा नऊ फुटी, भाच्याचा फोमचा.

१५ ऑक्टोबर, रविवार, घटस्थापना

काल अमावास्या झाली. पाणी उधाणाचं, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. पहिली मोजणी आश्व्याला.

पद्धत साधी आहे. ओहोटी पुरी उतरली की दोघांनी चालत दांड्याच्या माथ्यावर जायचं. मध्ये काठालगत एक खोलगट पट्टा लागतो, तिथे छातीपर्यंत पाणी. तो ओलांडला की तळ पुन्हा वर येतो आणि पाणी मांडीवर उतरतं. तिथे काठी रोवायची. लाटांमुळे काठीवरचं पाणी सतत खालीवर होतं, म्हणून भाचा दहा लाटांचे वरचे आणि खालचे आकडे ओरडून सांगतो, मी लक्षात ठेवते, बाहेर आल्यावर सरासरी.

तक्त्यातले आकडे समुद्राच्या सरासरी पातळीपासूनचे नसतात. ते चार्ट डेटमपासून असतात, म्हणजे ज्या पातळीच्या खाली ओहोटीचं पाणी सहसा जात नाही तिथून. तक्त्यात पाणी ०.३ मीटर आणि काठी बुडाली ०.६ मीटर, तर माथा शून्याच्या खाली ०.३ मीटर. आजचं उत्तर हेच.

आता यावरून पुढचा हिशेब करता येतो. लाट साधारणपणे स्वतःच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोलीत आली की फुटते. सपाट वाळूसाठी मी १.३ धरते. एक मीटरची लाट म्हणजे माथ्यावर १.३ मीटर पाणी हवं. माथा उणे ०.३ असेल तर तक्त्यात पाणी १.० पाहिजे. साठ सेंटिमीटरच्या लाटेला माथ्यावर ०.८ मीटर पुरे, म्हणजे तक्त्यातलं ०.५. एकाच दांड्याला, एकाच दिवशी, लाट बदलली की पाण्याचा आकडा अर्ध्या मीटरने बदलला. आमच्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरकच दोन मीटरच्या आसपास असतो, त्यातला हा पाव हिस्सा. ‘आश्व्याला कुठलं पाणी चांगलं?’ असं मला किनाऱ्यावर नेहमी विचारतात. किती मोठ्या लाटेला, हे कुणी सांगत नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

तेज चक्रीवादळ काल मध्यरात्रीच्या सुमाराला येमेनच्या किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडे वारा नाही, पाऊस नाही, फक्त लाट मोठी आणि सावकाश.

दशमी, म्हणजे भरती सकाळी साडेसातच्या आसपास. हा आकडा तक्ता न उघडता काढला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दहाची पाऊणपट साडेसात. आजोबांच्या तोंडी हा हिशेब सदैव असायचा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आमच्या किनाऱ्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. मुंबईची भरती आमच्यानंतर तासाभराने येते, कारण भरतीची लाट इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मुंबईच्या तक्त्यावर विसंबून मोरजीला येणारे हमखास उशिरा पोचतात.

तर भरतीला आश्व्याचा दांडा, एरवी ज्यावर या पाण्याला काहीच फुटत नाही, तो आज चालू होता. पुरेसं पाणी असल्यामुळे लाट माथ्यावर नेमकी उभी राहत होती. नऊनंतर पाणी उतरू लागलं तसा दांडा या लाटांना उथळ पडला आणि त्या बाहेरच, माथ्याच्या समुद्राकडच्या उतारावर, एका रांगेत पडू लागल्या. १५ तारखेचा कागदावरचा हिशेब पाण्यात दिसला. घरी येऊन सोनं वाटलं, दुपारी झोपले.

१९ नोव्हेंबर, रविवार

अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना. दुपारी दोनला किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पण दोनला वायव्येचा खारा वारा इतका असतो की समुद्र मोकळा मिळून उपयोग शून्य.

सकाळचं काम मात्र चांगलं झालं. पाणी भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं, जेमतेम एक मीटरच्या आत खेळणारं. सर्फिंग करणारे भांगाला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. उधाणाला सहा तासांत पाणी दोन मीटर चढतं आणि ते एकसारखं चढत नाही: पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत एक मीटर पाणी चढून जातं. दांड्याला चालणारं पाणी ३०-४० सेंटिमीटरच्या पट्ट्यातलं असेल, तर उधाणाला ते पाऊण तासात पार होतं. भांगाला तेच पाणी दीड-दोन तास टिकतं. अट एकच: भांगाची मधली पातळी आणि दांड्याची गरज जुळली पाहिजे. मध्यम लाटेला आश्व्याचं जुळतं. वेळागरचं जुळत नाही, तिथला माथा खोल आहे.

संध्याकाळी सामना हरलो. वहीत त्याची नोंद एवढीच.

२६ नोव्हेंबर, रविवार, त्रिपुरारी

वेळागर. पहाटेपासून रापण लागलेली. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत गेली होती आणि दोन्ही टोकांना माणसं दोर ओढत होती. रापण वर येईपर्यंत त्या पट्ट्यात उतरायचं नाही, हा इथला नियम. तो कुठल्या फलकावर लिहिलेला नाही, पण मोडला की दुसऱ्या दिवशी बोर्ड ठेवायला कुणी जागा देत नाही आणि ते रास्तच आहे.

बसून राहिले त्याचा फायदा झाला. दोर गुंडाळणाऱ्या एका तात्यांना विचारलं, होडी नेमकी इथूनच का घालता? ते म्हणाले, “गो बाय, थंय वाळू नाय. पाणी भायर जाता तीच आमची वाट. तू थंय पोवाक जाव नको.” दोन दांड्यांच्या मधली ही खिंड. लाटांनी काठाकडे ढकललेलं पाणी परतताना याच खिंडीतून जोरात बाहेर पडतं. तिथे लाट फुटत नाही, पाणी गढूळ आणि वरून शांत दिसतं, आणि पर्यटक शांत पाणी बघून बरोब्बर तिथेच उतरतात. होडीला जी वाट सोयीची, तीच बोर्डावर बसून बाहेर जायलाही सोयीची. पोहणाऱ्याला मात्र जीवघेणी. ओढीत सापडलं तर काठाच्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकत फेसाळ पाण्याकडे जायचं, कारण फेस आहे तिथे दांडा आहे आणि दांड्यावर पाय टेकतात.

वेळागरच्या तिन्ही खिंडी नकाशावर घेतल्या. तात्यांनी चौथीही दाखवली, ती माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती.

९ डिसेंबर, शनिवार

केरी. कार्तिक वद्य द्वादशी, भरती नऊला, मग तीनपर्यंत उतरतं पाणी. बोर्ड गाडीवरच ठेवला, आज फक्त बघायचं ठरवून आले होते.

तेरेखोलचं मुख हे या चार जागांमधलं सगळ्यात अवघड गणित. पावसाळ्यात नदी वाळू बाहेर लोटते, तिचा दांडा मुखाबाहेर अर्धगोल पसरतो. पावसाळा सरला की नदीचा जोर जातो आणि मुखातलं पाणी मुख्यतः भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला आरोंद्यापर्यंतच्या खाडीत भरलेलं पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर येतं. समोरून लाट आणि मागून हा प्रवाह: लाट आखूड होते, उंच होते, जागच्या जागी उभी राहून कोसळते. फेरीबोटीतून पाहताना अकराच्या सुमाराला लाटा देखण्या दिसत होत्या. नवखा माणूस नेमका त्या देखणेपणाला भुलेल आणि पाऊण तासात समुद्रात असेल.

केरीला उतरायचं ते चढत्या पाण्यालाच. आणि वारा पडलेला किंवा जमिनीकडचा पाहिजे, कारण लाटेचा पुढचा भाग साफ राहतो तो मतलई वाऱ्यात. मतलई फार तर साडेनऊ-दहापर्यंत टिकतो. म्हणजे सकाळी लवकर ओहोटी पुरी होऊन पाणी चढायला लागलेलं असावं. असं कधी होतं? पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला, रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकत चतुर्थीला आठ-साडेआठला. अष्टमीच्या आसपास सकाळभर पाणी उतरतं असतं, केरी बाद. महिन्यातून दोनदा, चार-पाच दिवस. त्यातून लाट नसलेले आणि मला रजा नसलेले दिवस वजा करायचे. केरीला गर्दी का नसते याचं उत्तर इथेच आहे.

२८ डिसेंबर, गुरुवार

नाताळ-नववर्षाची गर्दी. आश्व्याला शिकवणीचे फोमबोर्ड एवढे की माथ्यापर्यंत वाट काढता येईना. लाट गुडघ्याएवढी, वायव्येची, आखूड. मोजणी नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहणारे, बाहेर बोर्डवाले, ही जीवरक्षकांची विभागणी मात्र या गर्दीतही टिकून होती.

२८ जानेवारी २०२४, रविवार

पौष वद्य तृतीया, ओहोटी सात वाजता, सूर्य उगवता उगवता पाण्यात. आश्व्याची दुसरी मोजणी.

दांडा सरकला. ऑक्टोबरमध्ये काठालगतचा खोलगट पट्टा छातीइतका होता, आता कमरेच्या खाली. माथा काठाकडे पंचवीस-तीस मीटर आलाय आणि वर चढलाय: शून्याच्या जवळजवळ बरोबरीला. अपेक्षित होतंच. पावसाळ्याच्या उंच, आखूड, एकामागून एक येणाऱ्या लाटा काठाची वाळू खरवडून बाहेर नेतात आणि तिथे तिचा दांडा बनतो. मोसमातल्या मऊ, सावकाश लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात. दांडा म्हणजे परतीच्या वाटेवरची वाळू.

म्हणून ऑक्टोबरचा आकडा आता निकामी. तेव्हा साठ सेंटिमीटरच्या लाटेला तक्त्यातलं ०.५ पाणी लागत होतं, आता ०.८. ‘आश्व्याला ओहोटी संपल्यावर तासाने जा’ असं ज्यांनी नोव्हेंबरात पाठ केलं, ते आता उथळ पाण्यात बोर्डाखालची फिन घासत बसतात. त्यांना दोन तासांनी यायला हवं.

तिथून मोरजी. तेमवाड्याकडे वनखात्याने कासवांची घरटी कुंपण घालून राखलेली. ऑलिव्ह रिडलेचा हा मोसम. त्या पट्ट्यात वाळूवर बोर्ड ओढायचा नाही, अंधारात बॅटरी लावून फिरायचं नाही. शापोराच्या मुखाकडच्या टोकाची मोजणी त्यामुळे मी या मोसमात हाती घेणार नाही. मोरजीची नोंद दूरवरून, डोळ्यांनी: फेसाची रेघ कुठे तुटते एवढंच.

१७ मार्च, रविवार

आश्व्याचा दांडा काठाला चिकटला. खोलगट पट्टा गेला, त्या जागी सपाट वाळूची पायरी आणि तिच्या वर तीव्र उतार. भरतीला लाट थेट त्या उतारावर आदळते. तिच्यावर उभं राहणारा सरळ वाळूत जातो. मान आणि खांदा दुखावून घेण्याची उत्तम सोय. ओहोटीला पायरीच्या कडेवर लहान लाटा मिळतात, भाचा त्यात खूश आहे, मी नाही.

मांद्र्याला अजून दांड्याचे दोन तुकडे सुटे आहेत. वेळागर उलट आता रंगात येतंय: तिथला माथा खोल होता, तो चढून उणे ०.२ला आला. जी जागा नोव्हेंबरात मी नावडत्या यादीत टाकली होती, ती मार्चमध्ये पहिली. सकाळी आठपर्यंत वारा बरा, मग नाही.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

काल रात्री अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसलं. अमावास्या आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ, दोन्ही एकत्र; उधाण मोठं. पहाटे साडेपाचला ओहोटी, मतलई चालू, आणि नैर्ऋत्येकडून बारा-तेरा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट. डिसेंबरात कागदावर मांडलेलं केरीचं सगळं गणित आज एका सकाळी जुळलं.

पावणेसातला उतरलो. मुखातून आत जाणारं पाणी मंद. अर्धगोल दांड्याची दक्षिण बाजू लाटेला तिरकी येते, त्यामुळे लाट एका टोकाला फुटायला लागून काठाकडे फुटत जाते आणि तिच्या पुढचा हिरवा भाग मोकळा राहतो. बोर्डावर उभं राहून सुरूच्या झाडांच्या रांगेकडे बघत नुसतं जायचं. वळणंबिळणं घेतली नाहीत. भाचा पहिल्यांदाच फेसाच्या पुढे राहून एक लाट शेवटपर्यंत घेऊन गेला आणि “मावशी, बघितलंस का” हे त्याने एवढ्यांदा विचारलं की फेरीतल्या लोकांनीही ऐकलं असेल. साडेआठनंतर पाणी माथ्यावर जास्त झालं, लाट फुगून फुटेनाशी झाली. दोन तासांना थोडं कमी. घरची गुढी आईने आमची वाट न बघता उभारली होती.

५ मे, रविवार

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने काल आणि आजसाठी उंच लाटांचा इशारा दिलाय. मार्चअखेरीस केरळच्या किनाऱ्यावर घरांत पाणी शिरलं होतं तोच प्रकार. तिकडे त्याला कल्लक्कडल म्हणतात. इथे वारा नेहमीचाच, आभाळ स्वच्छ. वादळ दूर दक्षिण महासागरात कुठेतरी होऊन गेलं, त्याच्या लाटा आज पोचल्या.

पाण्यात उतरलो नाही. केरीला उंचावर बसून घड्याळ लावलं: लाटेमागून लाट सोळा-सतरा सेकंदांनी. सोळा सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे ४०० मीटर लांब असते आणि तिची ऊर्जा दिवसाला हजार किलोमीटरच्या आसपास चालते. ४०० मीटर लांबीच्या लाटेला २०० मीटर खोलीपासूनच तळ जाणवायला लागतो. नेहमीच्या आठ सेकंदांच्या लाटेला तोच पन्नास मीटरला जाणवतो. त्यामुळे लांब लाट आमच्या उथळ समुद्रावर कितीतरी आधीपासून वळत येते आणि नदीमुखाच्या दांड्यावर एकवटते. बाहेर ॲपमध्ये उंची दीड मीटर दिसत होती. मुखावर त्याच्या दुप्पट उंचीचं पाणी पडताना बघितलं. आणखी एक: मोठे सेट, म्हणजे मोठ्या लाटांचे गट, दहा-पंधरा मिनिटांनी येत होते, मध्ये समुद्र अगदी साधा. त्या मधल्या वेळात तीन मुलं खडकांवर फोटो काढायला उतरली. त्यांना हाका मारून वर बोलावलं. एक जण वैतागला. पाच मिनिटांनी ते उभे होते तिथून पाणी वाहून गेलं.

लाटेची उंची आणि भरतीचं पाणी हे दोन रकाने वहीत होते. तिसरा, सेकंदांचा, आजपासून जाड अक्षरांत.

२६ मे, रविवार

मोसमाची शेवटची मोजणी. येत्या शनिवारपासून यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद, १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकायचं काम वेळागरला सुरू झालंय. तात्यांना चारही खिंडींचा नकाशा दाखवला. त्यांनी दोन खिंडींवर बोट ठेवून सांगितलं की या पावसाळ्यानंतरही इथेच राहतील, कारण तिथे वरून ओहळ येतो. उरलेल्या दोन कुठे जातील याचा भरवसा नाही. ओहळाचा मुद्दा मला सुचला नव्हता. वहीत त्यांच्या नावाने लिहून ठेवला.

आकडे, पुढच्या वर्षी कुणी वापरू नयेत म्हणून तारखेसकट: आश्वे ऑक्टोबरात उणे ०.३, जानेवारीअखेर ०, मार्चपासून दांडाच नाही. मांद्रे मेमध्येही तुकड्यातुकड्यांत. वेळागर नोव्हेंबरात उणे ०.८च्या आसपास, मार्चमध्ये उणे ०.२, आज काठापासून हाकेच्या अंतरावर. केरीला माथ्यावर काठी कधीच नेली नाही; तिथला आकडा लाट कुठल्या पाण्याला फुटायची थांबली त्यावरून उलटा काढलाय, पंचवीस-तीस सेंटिमीटर चूक धरावी.

ऑक्टोबरसाठी: वेळागरच्या ओहळापासून सुरुवात, मग मांद्रे. काठी नवी लागेल, तळाचे दोन पट्टे खाऱ्या पाण्याने गेले. मोरजीच्या टोकाची मोजणी कासवांच्या आधी, म्हणजे शक्यतो दसऱ्यापर्यंत उरकायची.